सूर तेच, तारा त्याच, मग डबल बेस नव्याने का शिकायचा?

बेस गिटार वाजवणारी मुलं-मुली मला हा प्रश्न सारखा विचारतात, आणि प्रश्न अगदी बरोबर आहे. चार तारा, जाडीपासून बारीकपर्यंत ई, ए, डी, जी, दोन्हीकडे त्याच. सप्तकही तेच, सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ कंपनं. स्टाफ नोटेशन वाचता येत असेल तर तेही जसंच्या तसं चालतं, दोन्ही वाद्यांचे सूर जिथे वाजतात त्याच्या एक सप्तक वर लिहिलेले असतात. मग आठ-दहा वर्षं बेस गिटार वाजवलेला माणूस डबल बेससमोर उभा राहिला की साधी सी मेजर स्केल वाजवताना पाच मिनिटांत पंजा भरून येतो, सूर भलतीकडेच लागतो आणि आवाज तर निघतच नाही, असं का होतं? मी स्वतः अकरा वर्षं बेस गिटार वाजवून मग इकडे वळले, सुरुवातीचे काही महिने चुकीच्या पद्धतीने घालवले, म्हणून हे सगळं पहिल्यापासून सांगावंसं वाटतं.

डबल बेस म्हणजे कोणतं वाद्य ते आधी सांगते. ऑर्केस्ट्रामध्ये एका बाजूला किंवा जॅझ बँडमध्ये ड्रम्सच्या शेजारी माणसाएवढं उंच व्हायोलिनसारखं दिसणारं वाद्य उभं असतं ना, ते. कुणी अपराइट म्हणतं, कुणी कॉन्ट्राबेस, वाद्य एकच.

बेस गिटार आलीच कशाला?

हे कळलं की पुढचं निम्मं आपोआप कळतं. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस नावाची बेस गिटार बाजारात आणली. त्याआधी नाचाच्या बँडमध्ये खालचा सूर धरायला डबल बेसच असायचा आणि वाजवणाऱ्यांच्या तीन तक्रारी असायच्या. एक, हे धूड गाडीत मावत नाही. दोन, ड्रम्स आणि ट्रम्पेटपुढे ऐकू येत नाही. तीन, अचूक सूर लागायला वर्षानुवर्षं रियाज लागतो. बेस गिटारने तिन्ही सोडवल्या: खांद्यावर अडकवा, आवाज वाढवणाऱ्या अँपला जोडा आणि फ्रेटवर, म्हणजे वाद्याच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, बोट ठेवा. प्रिसिजन हे नावच तिसऱ्या तक्रारीवरून आलंय, फ्रेट असल्यामुळे सूर नेमका लागतो म्हणून.

तेव्हाचे बरेच वादक डबल बेसवरून बेस गिटारकडे गेले. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या १९६० च्या दशकातल्या कितीतरी गाण्यांचा बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन आधी डबल बेसच वाजवायचे, आणि प्रिसिजन बेस हातात आल्यावरही उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने तार ओढायचे, ती सवय डबल बेसची. आपल्याकडे मुंबईतही तेच झालं. हिंदी सिनेमाच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तळाशी डबल बेस असायचा, त्या ऑर्केस्ट्रांमध्ये गोव्याहून आलेले, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले कितीतरी वादक होते, आणि मग हळूहळू ती जागा बेस गिटारने घेतली.

आपण उलटे चाललोय. म्हणजे बेस गिटारने सोडवलेले ते तीनही प्रश्न आपण परत अंगावर घेतोय, वजन, आवाज आणि सूर. यातला सूर आणि आवाज तर आता तुमच्या शरीराने सोडवायचा. नवं शिकायचं आहे ते हेच. संगीत तुम्हाला येतंय, ते कुणी काढून घेत नाही.

फ्रेट तुमच्यासाठी काय काय करत होता

पेटी आणि गळा यातला फरक डोळ्यांसमोर आणा. पेटीची पट्टी दाबली की सूर तयार येतो, पट्टीच्या कडेला दाबा नाहीतर मधोमध. गाताना तसं नाही, सूर आधी डोक्यात ऐकू यावा लागतो आणि मग गळा तिथे जातो. बेस गिटारचा फ्रेट म्हणजे पेटीची पट्टी. तुमचं बोट दोन फ्रेटच्या मधे कुठेही असू दे, तार थांबते ती धातूच्या त्या पट्टीवर. डबल बेसवर तार तुमच्या बोटाच्या मांसावर थांबते. बोट जिथे, सूर तिथे. याच नेमकेपणाला इंटोनेशन म्हणतात, आपण सरळ सुरेलपणा म्हणू.

यातून दुसरी एक गोष्ट होते जी फारसं कुणी सांगत नाही. तारेचं एक टोक धातूऐवजी मऊ बोटावर असल्यामुळे आवाजाची चमक कमी होते, त्याला तो गोल, लाकडी, जरा धुसर पोत येतो. आपल्याला डबल बेसचा जो आवाज आवडतो त्यातला बराचसा तुमच्या बोटातून येतो. म्हणून बोट सैल ठेवलं की सूर लगेच मरतो, आणि बेस गिटारच्या सवयीने हलकंसं टेकवलं तर नुसतं थडथड वाजतं.

आता एक दिलासा. तीन-चतुर्थांश आकाराच्या डबल बेसवर, जो बहुतेक मोठी माणसं वाजवतात, तारेची वाजणारी लांबी साधारण १०५ सेंटिमीटर असते. बेस गिटारची ३४ इंच, म्हणजे साधारण ८६. सेमीटोन म्हणजे पेटीवर काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून अगदी शेजारची पट्टी. मानेच्या वरच्या टोकाजवळ बोट पाच-सहा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर सूर सेमीटोनच्या दहाव्या भागाइतका हलतो. व्हायोलिनवर तेवढीच चूक व्हायला दोन मिलिमीटर पुरतात. म्हणजे खालच्या सुरांमध्ये हे वाद्य तुम्हाला बऱ्यापैकी सांभाळून घेतं. वर चढत गेलं की मात्र जागा आकसते, तारेच्या मध्यावर, म्हणजे एक सप्तक वर पोचलात की, ती सूट निम्मी होते.

सुरेलपणासाठी सगळ्यात चांगलं साधन आपल्या घरातच आहे, तंबोरा. मोबाईलवरचा चालेल. डी लावा, त्यावर सावकाश डी, ई, एफ शार्प वाजवा, प्रत्येक सूर तंबोऱ्यात विरघळेपर्यंत बोट जरासं सरकवत राहा. ट्यूनरच्या काट्याकडे बघून शिकलात तर डोळा शिकतो आणि कान तसाच राहतो, असा माझा अनुभव आहे. फिंगरबोर्डवर, म्हणजे बोटांनी तार जिच्यावर दाबायची त्या पट्टीवर, खुणा कराव्यात का? पेन्सिलीचे दोन-तीन ठिपके सुरुवातीला जरूर करा, काही बिघडत नाही. पण फ्रेटसारख्या बारा रेघा मारू नका, कारण वाजवायला उभं राहिलं की मानेचा बराचसा भाग तुमच्या नजरेच्या मागे असतो, रेघा बघायला मान वळवाल आणि अख्खी उभं राहण्याची ढब बिघडेल.

चार बोटं असताना तीनच का वापरायची?

बेस गिटारवाल्यांचा हात इथे सगळ्यात जास्त अडतो. एका फ्रेटला एक बोट ही शिकवण आपल्या हाडात मुरलेली असते. पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत बेस गिटारवर साधारण १३ सेंटिमीटर होतात, तेवढे पंजा ताणून जमतात. डबल बेसवर तेच अंतर जवळजवळ १६ सेंटिमीटर. वर तारांवरचा ताणही जास्त, स्टीलच्या तारा असतील तर प्रत्येकीवर २५ ते ३० किलोच्या आसपास, बेस गिटारवर तो वीसच्या आसपास असतो. एवढा पंजा ताणून एवढी जाड तार दिवसभर दाबायची तर हात टिकणार नाही.

म्हणून जुनी, आजही जगभर शिकवली जाणारी पद्धत अशी की तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी एवढीच स्वतंत्र चालतात, अनामिका करंगळीच्या मदतीला तिच्यासोबतच बसते. तर्जनी ते मधलं एक सेमीटोन, मधलं ते करंगळी एक सेमीटोन. एका जागी हात ठेवून एका तारेवर तीन सूर. ही पद्धत व्हिएन्नात शिकवणाऱ्या फ्रान्झ सिमांडल यांच्या नावाने ओळखली जाते, म्हणून कुणी नुसतं सिमांडल म्हणालं तर हेच समजा. अनामिका वेगळी का नाही, हे तळहात टेबलावर पालथा ठेवून मधलं बोट आत दुमडून एकटी अनामिका उचलून बघा, लगेच कळेल. शेजारच्या बोटांशी तिचे स्नायुबंध जोडलेले असतात.

हात एका जागी असताना जेवढे सूर मिळतात त्या जागेला पोझिशन म्हणतात आणि एका पोझिशनमधून दुसरीत जाण्याला शिफ्ट. बेस गिटारवर पंजा पसरवून जे करता येतं ते इथे शिफ्ट करून करायचं. त्यामुळे डबल बेस शिकणं म्हणजे निम्म्याहून जास्त शिफ्ट शिकणं. घाबरू नका, आपण अंधारात घरातल्या दिव्याचं बटण शोधतो ना, हात अंतर लक्षात ठेवतोच. आणि शरीराला एक पक्की खूणही मिळते: वाद्याची मान जिथे त्याच्या पोटाला मिळते तिथे अंगठा अडतो, तेव्हा जी तारेवर तर्जनीखाली बहुतेक वाद्यांवर डी येतो, काहींवर ई फ्लॅट. आपल्या वाद्यावर काय येतो ते पहिल्याच दिवशी तपासा, ते कायमचं घर.

आणखी एक, शिफ्ट करताना बोट तारेवर हलकं करून सरकवा, उचलून उडी मारू नका. मींड घेताना जसं मधलं अंतर कानाला ऐकू येतं तसं सुरुवातीला ऐकू येऊ द्या. नंतर ते पुसता येतं.

पंज्याने दाबायचं नाही, हाताने लटकायचं

विहिरीतून पाणी शेंदलेलं ज्यांनी बघितलंय त्यांना हे पटकन कळेल. नवखा माणूस दोर नुसत्या पंज्याने आणि मनगटाने खेचतो आणि चार कळशांत दमतो. सवयीची बाई अंगाचा भार दोरावर टाकते, पंजा फक्त आकडा असतो. डबल बेसचा डावा हात तसाच. बोटं तारेवर आकड्यासारखी, कोपर वर, खांदा सैल, आणि दाब येतो तो लोंबणाऱ्या अख्ख्या हाताच्या वजनातून, पाठीतून. अंगठा मागे मधल्या बोटासमोर असतो पण तो चिमटा काढायला नाही, नुसता टेकलेला. अधूनमधून अंगठा काढून वाजवून बघा, सूर तसाच आला पाहिजे.

मी हे शिक्षकाशिवाय शिकायला गेले. व्हिडिओ बघून तीन-चार महिने अंगठ्याने चिमटा काढत वाजवलं, अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तरी सवयीने होईल म्हणत राहिले, आणि शेवटी सहा आठवडे वाद्याला हात लावता आला नाही. म्हणून कळकळीने सांगते, बोटाच्या टोकाची कातडी दुखली तर ठीक आहे, फोड येतात आणि जातात, पण मनगट, अंगठा, कोपर दुखलं तर तिथल्या तिथे थांबा. सुरुवातीला वीस-वीस मिनिटं दोनदा वाजवणं हे सलग तासभर वाजवण्यापेक्षा खूप बरं.

वाद्य उभं कसं राहतं हाही याच गोष्टीचा भाग. खाली एक दांडी असते, एंडपिन, ती वर-खाली करून उंची ठरवायची, मानेचं वरचं टोक साधारण भुवईच्या आसपास. वाद्य मागे झुकून तुमच्या डाव्या कमरेला आणि गुडघ्याजवळ टेकतं. मग डावा हात पूर्ण काढून घ्या. वाद्य पडत असेल तर याचा अर्थ आतापर्यंत तुमचा डावा हात सुरासोबत वाद्यही सांभाळत होता, आणि दोन्ही कामं त्याला जमणार नाहीत. उभं राहून जमत नसेल तर उंच स्टूलवर बसून वाजवा, ऑर्केस्ट्रातले वादक तेच करतात.

आवाज अँपमधून नाही, तुमच्यातून

बेस गिटारवर तार जेमतेम हलली तरी तिच्याखालचा पिकअप, म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणारा भाग, ती पकडतो, बाकीचं अँप बघतो. म्हणून आपण बोटाच्या टोकाने हलकं हलकं वाजवायला शिकतो. डबल बेसवर तारेची थरथर घोडीतून, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी तुकड्यातून, वरच्या लाकडी फळीत जाते आणि ती एवढी मोठी फळी हलवायची तर ऊर्जा लागते. त्यामुळे उजव्या हातानेही तेच, तर्जनी तारेला जवळजवळ समांतर ठेवून तिच्या कडेचं भरपूर मांस तारेला लावायचं आणि फिंगरबोर्डच्या खालच्या टोकाशी हाताच्या वजनाने तार बाजूला ओढून सोडायची. असं बोटाने वाजवण्याला पिझिकाटो म्हणतात.

एक गंमत. ४१ कंपनांचा तो मूळ सूर बाहेर फेकायला डबल बेसचं एवढं मोठं पोटसुद्धा लहान पडतं. त्या सुराचे वरचे स्वरांश वाद्य जोरात देतं आणि त्यावरून आपला मेंदू खालचा सूर स्वतः भरून काढतो. तंबोऱ्याच्या खर्जातून जसा न छेडलेला गंधार ऐकू येतो, त्याच घराण्यातली ही गोष्ट, फक्त दिशा उलटी.

सूर इथे लवकर विरतो, विशेषतः वरचे. बेस गिटारवरची भरगच्च सोळा सुरांची ओळ इथे आणली की ती चिखल होते. त्यापेक्षा वॉकिंग बेस, म्हणजे चारही ठोक्यांवर एकेक सूर टाकत चालत राहणं, इथे असं काही उमलतं की बेस गिटारवर ते मला आता पुरेसं वाटतच नाही.

"मला जॅझच वाजवायचंय, बो कशाला शिकू?"

बो म्हणजे गज. याला माझं उत्तर पक्कं आहे, शिका, रोज दहा मिनिटं का होईना. बोटाने छेडलेला सूर लगेच विरतो, त्यामुळे थोडा बेसूर असला तरी कानावरून निसटतो. बोने सूर पाच-सहा सेकंद तसाच समोर उभा राहतो, लपायला जागाच नाही. पॉल चेंबर्ससारख्या जॅझवाल्याने बोने सोलो रेकॉर्ड केलेत, तेव्हा हे फक्त ऑर्केस्ट्राचं काम आहे असंही नाही.

बो धरायच्या दोन पद्धती आहेत. फ्रेंच म्हणजे व्हायोलिनसारखी वरून, जर्मन म्हणजे पंजा खालून, सारंगीचा गज धरतात त्याच्या जवळची. शिक्षक जी वाजवतात ती घ्या, यावर महिनाभर विचार करण्यासारखं काही नाही. गजाच्या केसांना लावायची राळ मात्र डबल बेसचीच घ्या, ती व्हायोलिनच्या राळेपेक्षा मऊ आणि चिकट असते.

"फ्रेटलेस बेस गिटारने भागणार नाही का?"

थोडंसं भागतं. कान तयार होतो, बोट नेमकं ठेवायची सवय लागते. पण लांबी तीच ३४ इंच, ताण तोच, अँपवरचं अवलंबन तेच, आणि वाद्य गळ्यात आडवं. म्हणजे कानाची तयारी होते, हाताची आणि पाठीची नाही. इलेक्ट्रिक अपराइट, म्हणजे पोट नसलेली उभी काठी, ती जास्त जवळची, कारण लांबी खऱ्या वाद्याइतकी असते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना, रात्री वाजवणाऱ्यांना ती मोठा आधार आहे. तरी पोटाला टेकलेल्या लाकडातून सूर अंगात शिरतो तो त्यात मिळत नाही, आणि त्या थरथरीवरूनही आपण सुरात आहोत की नाही ते कळत असतं.

हात लहान आहेत म्हणून मागे हटणाऱ्या मुलींना तर मी वरचा हिशोब पुन्हा दाखवते. एका पोझिशनमध्ये तर्जनी ते करंगळी अंतर मानेच्या टोकाशी साधारण ११ सेंटिमीटर असतं, बेस गिटारवर तुम्ही १३ ताणत होतात. शिवाय निम्म्या आकाराचे बेसही मिळतात.

वाद्य, पावसाळा आणि लोकल

पहिलं वाद्य प्लायवूडचं घ्या. कोरीव लाकडाचं वाद्य आवाजाला श्रीमंत असतं पण आपल्या हवेत ते सांभाळणं हे वेगळंच काम आहे. पावसाळ्यात वरची फळी ओलाव्याने फुगते, घोडी वर उचलली जाते आणि तारा फिंगरबोर्डपासून लांब जातात, मग मे महिन्यात सहज दाबली जाणारी तार जुलैत दाबली जात नाही आणि आपल्याला वाटतं आपलाच हात गेला. घोडीच्या पायात उंची कमी-जास्त करणारी चाकं बसवून घेतली तर हा त्रास खूप कमी होतो. प्लायवूडला तडेही सहसा जात नाहीत.

नवं वाद्य खोक्यातून काढून तसंच वाजवू नका. माझं पहिलं वाद्य आलं तेव्हा घोडी इतकी उंच होती की ई तारेखाली बोट जाईल एवढी फट होती, आणि विकणाऱ्याने हे असंच असतं म्हणून सांगितलं. असं नसतं. फिंगरबोर्डच्या खालच्या टोकाशी जी तारेखाली पाच-सहा आणि ई तारेखाली आठ-नऊ मिलिमीटर, एवढं नवशिक्याला पुष्कळ. व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून घोडी घासून घ्या, तो खर्च वाद्याच्या किमतीतच धरा. आणि चारही तारा एकदम कधीच काढू नका, पोटात साऊंडपोस्ट नावाची लाकडी काठी नुसत्या दाबावर उभी असते, ताण गेला की ती पडते. तार बदलायची तर एकेक.

नेण्या-आणण्याचं म्हणाल तर एंडपिनच्या जागी चाक बसतं, लहान गाडीत पुढची सीट आडवी करून मान पुढे ठेवून वाद्य मावतं, आणि दुपारच्या रिकाम्या लोकलच्या लगेज डब्यातून मी ते कितीदा तरी नेलंय, लोक जागा करून देतात आणि हे काय आहे ते विचारतात.

बेस गिटार सोडायची का?

अजिबात नाही. स्टॅन्ली क्लार्क, जॉन पॅटिटुची, ख्रिश्चन मॅकब्राइड हे जॅझमधले बेसवादक दोन्ही वाजवतात. फक्त पहिले तीन-चार महिने एकाच दिवशी आधी डबल बेस आणि मग बेस गिटार असा क्रम ठेवा, उलट केलं की हात जुन्या सवयी घेऊन येतो. बेस गिटारवर तुमचा सूर जास्त ठाम झाला, सूर कमी आणि जागा जास्त सुटायला लागली, तर दचकू नका.

सुरुवात करायची असेल तर वाद्य विकत घ्यायच्या आधी एखाद्या शिक्षकाकडे दोन-तीन तास त्यांच्याच वाद्यावर उभं राहून या. मुंबईत असाल तर एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा कार्यक्रम बघा, आणि तिकीट काढताना डबल बेसवाल्यांचे हात दिसतील अशी बाजू निवडा, तासभर फक्त त्यांची डावी कोपरं बघा. मग घरी पहिला आठवडा डावा हात लावूच नका. नुसत्या मोकळ्या तारा, ई, ए, डी, जी, एकेक सूर पूर्ण विरेपर्यंत ऐकायचा आणि मगच पुढचा छेडायचा. दुसऱ्या आठवड्यात तंबोरा लावा आणि जी तारेवर तर्जनीने ए शोधा.